डिस्चार्ज मिळाला, आजार अजून घरातच आहे

न्यूमोनियाच्या पेशंटला घरी आणलं, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पेशंटचं वय सत्तरीच्या पुढे असेल तर खरी कसोटी मात्र तिथून सुरू होते. औषधं डॉक्टर लिहून देतात. पण माणसाला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा रस्त्यावर आणायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. ते कसं करायचं?

कल्याणच्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खालपासून आमच्या दारापर्यंत चौतीस पायऱ्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाबांना नऊ दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा त्या चौतीस पायऱ्या चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. पहिल्या वळणावर ते कठडा धरून उभे राहिले. दुसऱ्या वळणावर शेजारच्या काकूंनी धावत जाऊन खुर्ची आणली. तिच्यावर टेकल्यावर धाप थोडी कमी झाली, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, ‘‘ताप गेला ना माझा? मग हे काय?’’

बाबा शहात्तर वर्षांचे. पोस्टातली अडतीस वर्षांची नोकरी. रोज सकाळी पाऊण तास चालणं आणि परतताना वाचनालयात बसून तीन वर्तमानपत्रं वाचणं, हा निवृत्तीनंतरचा न चुकणारा कार्यक्रम. विडी-सिगारेट कधी नाही. थोडं ब्लडप्रेशर, तेही गोळीनं ताब्यात. असा माणूस आजारी पडला तो इतक्या गुपचूप, की आम्हाला पत्ताच लागला नाही. दोन दिवस जेवण टाकलं होतं. बोलताना वार चुकत होते. एकदा बाथरूममध्ये तोल गेला. खोकला जेमतेम. ताप नव्हताच म्हटलं तरी चालेल. ‘वय झालं आता’ म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, श्वास जोरजोरात व्हायला लागला आणि छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला.

वयस्कर माणसांचा न्यूमोनिया असाच फसवतो. तरुणाला हुडहुडी भरून ताप येतो, छातीत कळ येते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत जेवण तुटणं, अचानक गोंधळणं, पडणं हीच कधी कधी पहिली खूण असते. हे आम्हाला नंतर कळलं. बरंच काही नंतरच कळलं.

हॉस्पिटलमध्ये बिलाचा हिशेब चुकता करायला सव्वा तास गेला. पण घरी गेल्यावर काय करायचं, हे सांगायला कुणाला पाच मिनिटं झाली नाहीत. कागदावर चार औषधं, खाली ‘आठ दिवसांनी दाखवणे’ आणि एकच शब्द : ‘रेस्ट’. त्या एका शब्दानं पुढचे आठ दिवस आमच्या घरात जो घोळ घातला, तो दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये म्हणून हा लेख.

पाणी ओसरलं, गाळ राहिला

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. ताप गेला, मग हे काय?

आपल्या फुप्फुसात हवेच्या लाखो-करोडो बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. श्वासातला प्राणवायू तिथूनच रक्तात जातो. न्यूमोनियात जंतूंशी लढताना या पिशव्यांत पाणी, पू आणि मेलेल्या पेशी साचतात. अँटिबायोटिक जंतूंना मारतं, ताप उतरतो. पण साचलेला कचरा काही औषध उचलून नेत नाही. तो शरीरालाच हळूहळू साफ करावा लागतो.

कल्याणकरांना हे समजावून सांगायला २६ जुलै २००५ पुरेसा आहे. त्या पुराचं पाणी ओसरलं, पण तळमजल्यावरच्या घरांतला चिखल काढायला, गाद्या वाळवायला आणि भिंतींची ओल जायला किती दिवस लागले, ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. बाबांच्या छातीत तेच चाललं होतं. पाणी ओसरलं होतं, गाळ होता.

तो जायला किती दिवस? ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी ‘नाइस’ नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिनं २०१४ साली डॉक्टरांना, पेशंटला काय सांगावं याचा एक ढोबळ आराखडा दिला होता. आठवडाभरात ताप जायला हवा. चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी व्हावा. सहा आठवड्यांत खोकला आणि धाप बरीच कमी व्हावी. तीन महिन्यांत बहुतेक तक्रारी जाव्यात, थकवा मात्र तेव्हाही असू शकतो. आणि सहा महिन्यांत बहुतेक माणसं पूर्ववत व्हावीत. हा हिशेब सगळ्या वयांचा आहे. सत्तरी ओलांडलेल्याला, त्यातून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याला, याहून जास्त वेळ लागला तर नवल नाही.

छातीचा फोटो तर माणसापेक्षाही सावकाश सुधारतो. माणूस हिंडू-फिरू लागला तरी फोटोत डाग दिसत राहतो. वयस्करांत तो जायला कधी कधी बारा आठवडेही लागतात. म्हणून आठव्या दिवशी फोटो काढून ‘अजून डाग आहे’ म्हणत हबकण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी आयुष्यभर धूम्रपान केलं आहे किंवा ज्यांच्या तक्रारी सहा आठवड्यांनंतरही हटत नाहीत, त्यांनी तेव्हा फोटो काढून घ्यायलाच हवा. न्यूमोनियाच्या आड कधी कधी दुसरंच दुखणं लपलेलं असतं.

आपल्याकडे त्यात क्षयाचा नंबर वरचा. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन असं काही दिसलं, तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. ओळखीच्या केमिस्टकडून ‘मागच्या वेळचीच गोळी द्या’ म्हणून अँटिबायोटिक आणायची आपल्याला सवय असते. त्यातल्या काही गोळ्या क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरतं दाबतात. पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान महिनाभर पुढे जातं. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करावा, मनानं तो थांबवू नये आणि मनानं वाढवूही नये.

‘रेस्ट’ नावाचा घोटाळा

आता आमचा घोळ.

आईनं ‘रेस्ट’ हा शब्द शिरसावंद्य मानला. आतल्या खोलीतला पलंग खिडकीपासून लांब सरकवला, खिडकी बंद, पंखा बंद, कानाला मफलर. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, भांडं पलंगाखाली. बाबा उठायला लागले की ‘‘अहो, पडून राहा बघू, ताकद भरून येऊ दे!’’ येणारा-जाणाराही हेच बजावून जायचा. आठवड्यानं परिस्थिती अशी, की हॉस्पिटलमधून आधारानं का होईना, जिना चढून आलेला माणूस पलंगाच्या कडेवर बसला तरी पाय थरथरायला लागले.

चूक लक्षात आणून दिली ती शेजारच्या काकूंच्या भाचीनं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. भेटायला म्हणून आली, बाबांना पाहिलं आणि आईला म्हणाली, ‘‘मावशी, न्यूमोनियानं नाही, या पलंगानं काकांना झोपवलंय.’’ आई दोन दिवस तिच्यावर फुरंगटून होती.

पण मुलगी खोटं बोलत नव्हती. २००७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. साठीच्या पुढच्या, अगदी धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं मांस सरासरी जवळजवळ एक किलोनं घटलं. धडधाकट माणसांची ही गत, तर आजारानं आधीच पोखरलेल्या शरीराचं काय होत असेल? शिवाय आडवं पडून राहिलं, की फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही. कफ तिथेच बसतो. पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो तो वेगळाच.

याची दुसरी बाजू दाखवणारा अभ्यासही आहे. २००३ साली अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटना दाखल झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच निदान वीस मिनिटं पलंगाबाहेर बसवलं गेलं आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलं. ही माणसं इतरांपेक्षा सरासरी एक दिवस आधी घरी गेली. वीस मिनिटं खुर्चीत बसायला काही खर्च येत नाही.

मग विश्रांती घ्यायचीच नाही का? घ्यायची. न्यूमोनियातून उठलेल्याला दुपारी झोप लागते, संध्याकाळी गळून जायला होतं. ते अगदी खरं आहे आणि त्याला आळस म्हणू नये. पण विश्रांती म्हणजे दोन हालचालींमधली विश्रांती. चोवीस तासांचा पलंग नव्हे.

खुर्ची, गॅलरी, जिना

भाचीबाईंनी घालून दिलेला क्रम साधा होता. पहिली गोष्ट, तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत. पलंगावर ताट न्यायचं नाही. दुसरी, कपडे बदलायचे. रात्रीचा लेंगा दिवसभर अंगावर असला की माणूस स्वतःला आजारीच समजतो. तिसरी, खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. होता होईतो हातांचा टेकू न घेता, एका वेळी पाच वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी बाबांना दोनदाच जमलं आणि तेही टेबल धरून. मग घरातल्या घरात चालणं : पलंगापासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून गॅलरी. पुढल्या आठवड्यात बिल्डिंगचा पॅसेज. जिना सगळ्यात शेवटी.

किती चालायचं, हे मोजायला घड्याळ लागत नाही. चालताना एक पुरं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. शब्दागणिक थांबावं लागत असेल तर फार झालं. आणि आजच्या चालण्यानं उद्याचा अख्खा दिवस पलंगावर जात असेल तर तेही फार झालं. दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. बाबांनी एकदा मला चुकवून भाजीवाल्यापर्यंत मजल मारली आणि पुढचे दोन दिवस ते हूं की चूं न करता पडून होते. ज्यांचं हृदय कमजोर आहे, त्यांनी मात्र किती आणि कसं, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

धाप लागली तर? घाबरून पलंगाकडे धाव घ्यायची नाही. खुर्चीत बसून किंचित पुढे वाकायचं, कोपरं मांड्यांवर टेकायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. आत घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट बाहेर सोडायला. दोन-तीन मिनिटांत धाप बसायला लागते. बसली नाही, तर मात्र प्रकरण वेगळं.

हॉस्पिटलवाले तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र देतात, ज्यात श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. आमच्याकडे नातवानं ते खेळणं म्हणून पळवलं होतं. खोल श्वास घ्यायची सवय लागायला ते बरं आहे. पण ते दिवसातून चार वेळा केलं म्हणजे चालायची गरज नाही, असं समजू नये. कफ सुटायला आणखी एक युक्ती : दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि मग तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हाऽऽ’ करत जोरात श्वास सोडायचा. खोकून खोकून बरगड्या दुखवून घेण्यापेक्षा यात कफ सोपेपणानं वर येतो. कफ येत असताना खोकला दाबणारं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकला हा झाडू आहे. तो हिसकावून घेतला तर गाळ निघायचा कसा?

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. हळद-दूध खुशाल द्यावं, हळदीनं नाही तरी दुधानं फायदा आहेच. वाफेनं बरं वाटतं. पण पलंगावर उकळतं पातेलं आणि डोक्यावर चादर हा प्रकार म्हाताऱ्या, थरथरत्या हातांच्या माणसाबरोबर करू नये. भाजण्याचा धोका फार मोठा. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर ब्लडप्रेशर वाढू शकतं, हे प्रेशरवाल्या घरांत माहीत असावं. आणि उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, मिरचीच्या फोडणीचा खाट यापासून पेशंटची खोली लांब हवी. खिडकी उघडी. मफलर हवा तर ठेवा.

पेजेवर किती दिवस काढणार?

बाबांची तोंडाची चव गेली होती. त्यांना सगळं कडू लागायचं. आईनं मऊ भाताची पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी असा मारा चालवला होता. पोटाला हलकं, गिळायला सोपं. पण झिजलेलं मांस भरून काढायला त्यात फारसं काही नाही. त्याला प्रथिनं लागतात. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला, वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सत्तर ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधातही जवळजवळ तेवढीच. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. हिशेब केला तर लक्षात येतं, की नुसत्या पेजेवर आपण माणसाला उपाशीच ठेवतो आहोत.

आमच्याकडे अंडं चालत नाही. मग मुगाच्या डाळीची खिचडी, पण डाळ तांदळाइतकीच. वर साजूक तूप. सकाळी मऊ धिरडं, मधल्या वेळेला घट्ट दही, पेजेतच दुधाची पावडर, संध्याकाळी पनीर कुस्करून. एकदम ताटभर नाही, थोडं थोडं पाच-सहा वेळा. चालतं त्यांनी अंडी, मासे जरूर द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचं माप डॉक्टरांकडूनच घ्यायचं. पाण्याचंही तसंच. एरवी पाणी भरपूर प्यावं, म्हणजे कफ पातळ राहतो. पण हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन घातलेलं असेल तर ते पाळायचं.

काय खायला द्यावं याची चर्चा सगळे करतात. कसं खायला द्यावं, ही कोणी करत नाही. पडल्या पडल्या चमच्यानं पाणी पाजणं, अर्धवट झोपेत औषध तोंडात घालणं यानं घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून दुसरा न्यूमोनिया उभा राहतो. ताठ बसवून भरवायचं, जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसूनच ठेवायचं. खाताना वारंवार ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला, घोगरा येत असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं.

आणि तोंडाची स्वच्छता! आजारी माणसाचे दात कोण घासतो? जपानमध्ये अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं हा अभ्यास झाला. जिथे प्रत्येक जेवणानंतर वृद्धांचं तोंड नीट साफ केलं जात होतं, तिथे न्यूमोनियाचं प्रमाण स्पष्टपणे कमी निघालं. तोंडातले जंतूच रात्री लाळेबरोबर खाली उतरतात, हे त्याचं कारण. जपानमध्येच पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांत असंही दिसलं, की कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका न घालणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. रात्री कवळी काढून, घासून, वाटीत पाण्यात ठेवायची. बाबांना याची लाज वाटायची. आई समोर असताना ते कवळी काढत नसत. लग्नाला पन्नास वर्षं झाली आहेत दोघांच्या!

बोटाला चिमटा

कोविडनं घरोघरी एक वस्तू ठेवून दिली : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. २०२१ मध्ये घेतलेला आमचाही कपाटातून निघाला. बंगळुरूहून दादाचा हुकूम, दर तासाला आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. आई रात्री उठून बाबांचं बोट शोधायची. एका पहाटे तिनं मला हलवून उठवलं. आकडा ८६! रिक्षा बोलवायला मी चप्पल पायात सरकवली, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘अगं, मला काही होत नाहीये. हात गार पडलेत फक्त.’’ हात चोळून गरम केले, पाच मिनिटांनी पुन्हा लावलं. ९५.

गार बोट, नखांवरचा रंग, हलणारा हात, उतरलेली बॅटरी, यातल्या कशानंही आकडा चुकतो. निवांत बसायचं, बोट गरम करायचं आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्यायचा. दिवसातून दोन-तीनदा पुरे. एरवी फुप्फुसं धड असलेल्या माणसाचा आकडा ९५ किंवा वर असावा. तो ९४ च्या खाली टिकून राहू लागला तर डॉक्टरांना फोन करायचा आणि ९२ च्या खाली जाऊन राहिला तर वेळ घालवायचा नाही. ज्यांना जुना दमा किंवा धूम्रपानानं जडलेला फुप्फुसाचा विकार आहे, त्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहूनच आणावी. आणि यंत्रापेक्षा माणसाकडे बघावं. आकडा ९६ आहे, पण माणूस वाक्य पुरं करू शकत नाही, मानेच्या शिरा ताणल्या जाताहेत, तर आकडा बाजूला ठेवून निघायचं.

रात्री दोन वाजता टपाल

घरी आल्यानंतर दहाव्या-अकराव्या रात्री बाबा उठून बसले आणि टपालाच्या पिशव्या कुठे आहेत, सही कुणाची राहिली, असं विचारू लागले. मला ओळखेनात. आई रडायलाच लागली. तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी दाखवलं. रक्त, लघवी तपासली. नवा संसर्ग नव्हता. झोपेची एक गोळी आम्ही आमच्या अकलेनं चालू केली होती, तिनं हा प्रताप केला होता. वयस्कर माणसांत मोठ्या आजारानंतर असा भ्रम होऊ शकतो. तो वेड नव्हे आणि बहुधा दिवसां-आठवड्यांत ओसरतो. पण त्याच्याकडे दुर्लक्षही करायचं नाही, कारण परत आलेला संसर्ग, घसरलेला प्राणवायू, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी किंवा एखादी गोळी याच्या मागे असू शकते. चष्मा, कानाचं यंत्र जवळ ठेवायचं. समोर घड्याळ, कॅलेंडर. रात्री मंद दिवा, दिवसा खिडकीचा उजेड. वाद घालायचा नाही. ‘‘बाबा, आज रविवार आहे, पोस्ट बंद,’’ म्हटल्यावर ते शांतपणे झोपले.

याशिवाय कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही? गेलेला ताप पुन्हा आला, बसल्या जागी धाप लागू लागली, ओठ-नखं निळसर दिसली, थुंकीतून रक्त पडलं, लघवी फारच कमी झाली, माणूस गुंगीत जाऊ लागला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर गुठळीची शंका. दोन्ही पावलं सुजली आणि आडवं पडल्यावर दम लागू लागला तर हृदयाची. न्यूमोनियानंतर, विशेषतः पहिल्या महिन्यात, हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे छातीत दुखलं की ‘कफ असेल’ म्हणू नये. बहुतेक राज्यांत १०८ नंबरावर अॅम्ब्युलन्स मिळते. तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

आणि आई?

बाबांच्या प्रत्येक चमच्याचा हिशेब ठेवताना आईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती एकाहत्तर वर्षांची. चौथ्या आठवड्यात काकूंनी विचारलं, ‘‘वहिनी, तुमचा ब्लाउज एवढा सैल कसा?’’ वजन केलं, तीन किलो उतरलं होतं. स्वतःची थायरॉइडची गोळी ती आठ-दहा दिवस विसरली होती. मग मी दादाला फोन करून स्पष्टच म्हटलं, ‘‘आकडे मागू नकोस, रजा काढ.’’ तो दहा दिवस येऊन राहिला. त्यानं रात्री वाटून घेतल्या, बाथरूममध्ये आधाराला दांडा बसवून घेतला, निसरडं पायपुसणं फेकून दिलं. मुख्य म्हणजे बाबांना दाढीला बसवलं. मुलीपुढे न बोललेलं बरंच काही ते त्याच्याशी बोलले असावेत. ‘‘आता मी कुणाच्या उपयोगाचा नाही,’’ हे वाक्य त्यानंतर ऐकू आलं नाही.

दादा असतानाच डॉक्टरांनी लसींचं काढलं. दरवर्षी फ्लूची आणि न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्ध न्यूमोकोकल लस. ती एकदा होऊन गेलेल्यांनीही घ्यावी, कारण न्यूमोनिया पुन्हा होऊ शकतो. लहान मुलांना ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं मोफत मिळू लागली. मोठ्यांना ती स्वतःच्या खर्चानं घ्यावी लागते. कोणती, कधी आणि किती डोस, हे वयावर आणि इतर आजारांवर ठरतं. आईनं पहिल्यांदा ‘‘मला कशाला?’’ म्हणून पाहिलं. दोघांनी एकाच दिवशी दंड पुढे केला.

सातव्या आठवड्यात एका सकाळी बाबा शर्ट-पँट घालून, छत्री घेऊन दारात उभे. ‘‘वाचनालयात जाऊन येतो. तू मागे मागे येऊ नकोस.’’ मी गॅलरीतून बघत राहिले. एक वर्तमानपत्र वाचून ते परत आले, तीन नाहीत. जिन्यात पावलं वाजली आणि मधल्या मजल्यावर थांबली. मी आतून कानोसा घेतला. मिनिट झालं, दोन झाली. धावत खाली गेले तर बाबा काकूंच्या दारात उभे, हातात बशी.

‘‘दम लागला का?’’ मी विचारलं.

‘‘नाही गं,’’ बाबा म्हणाले, ‘‘चहा फार गरम आहे.’’